पाळणाघरातल्या मावशी-ताईंबद्दल तक्रार असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात अकरा वर्षं मी पाळणाघर चालवलं. ते बंद केल्यावर ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या काही पाळणाघरांनी तक्रारीच्या चौकशीला बाहेरची व्यक्ती म्हणून मला बोलवायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पालकांचे मेसेज येऊ लागले. बहुतेक मेसेज रात्री आठ ते दहाच्या दरम्यान येतात. आई-बाबा लोकलनं परतलेले असतात, मुलाचे कपडे बदलताना अंगावर काहीतरी दिसलेलं असतं, आणि आता काय करायचं ते सुचत नसतं. अशा सगळ्यांना मी जे सांगते ते इथे एकत्र केलं आहे. पाळणाघर चालवणाऱ्यांचे आणि तिथे काम करणाऱ्या मावशींचे प्रश्नही यात आहेत. मुलाला लागलं असेल तर वाचत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

१. मावशी मुलांवर ओरडतात, एवढंच आहे. एवढ्यावरून तक्रार करणं बरं दिसेल का?

करा. मी पाहिलेल्या गंभीर प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक वेळी आधी काहीतरी लहानसं घडून गेलं होतं आणि ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून कुणीतरी ते गिळलं होतं. भरवताना नाक दाबणं, चड्डीत शू झाली म्हणून सगळ्यांसमोर लाज काढणं, बाथरूममध्ये कोंडणं, ‘तुझी आई आता येणारच नाही’ म्हणून घाबरवणं, एका हाताला धरून फरफटत नेणं, ओला डायपर तासन्‌तास तसाच ठेवणं: यातली प्रत्येक गोष्ट चौकशी करण्याजोगी आहे. वरण पातळ होतं, एसी बंद होता, फी वाढवली, याही तक्रारीच आहेत. पण त्या कारभाराच्या. त्या वेगळ्या लिहा. दोन्ही एकाच पत्रात घातल्या की चालकांचं उत्तर वरणाबद्दल येतं आणि बाथरूमचा विषय राहून जातो.

२. बाळ नऊ महिन्यांचं आहे, बोलत नाही. मग कळणार कसं?

अंगावरून आणि वागण्यावरून, पण दोन्ही बाबतींत सावधपणे.

चालायला लागलेल्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ यांवर काळंनिळं असतंच, ते धडपडतं. जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोटावर किंवा पाठीवर मुका मार दिसला तरीही तेच करा, कारण नुसतं पडून या जागी सहसा लागत नाही. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे ‘हा तर जुनाच दिसतोय’ असं कुणी म्हणालं तर ते उत्तर धरू नका.

आता उलट बाजू. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कंबरेखाली, कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर-करडे डाग असतात. ते दाबल्यावर दुखत नाहीत आणि वाढत्या वयात आपोआप फिके होतात. ऐरोलीतल्या एका आईनं असा डाग पाहून रात्रभर डोळा लावला नव्हता. सकाळी बाळाचे जुने फोटो काढून पाहिले, तर बारशाच्या फोटोतही तो होता. म्हणून पाळणाघरात घालण्याआधीच मुलाच्या अंगावरच्या जन्मखुणांचे फोटो काढून ठेवा आणि प्रवेशाच्या फॉर्मवर नोंद करा.

वागण्यातला बदल, म्हणजे एकाच मावशीला पाहून कडेवरून न उतरणं, झोपेत दचकणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, हे सगळं लिहून ठेवा. दात येताना, घर बदलल्यावर, धाकटं भावंड आल्यावरही असं होतं. नुसत्या तेवढ्यावरून कुणावर ठपका ठेवता येत नाही, पण विचारणा नक्की करता येते.

३. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ‘ताईने मारलं’ म्हणते. तिला काय विचारू?

या एका प्रश्नावर चौकशीचं भवितव्य ठरतं, म्हणून सविस्तर सांगते.

‘काय झालं ते सांगशील मला?’ इतकंच विचारा आणि थांबा. ‘ताईने हातावर मारलं ना? जोरात मारलं? रोज मारते का?’ अशा प्रश्नांना या वयाचं मूल ‘हो’ म्हणतं, कारण मोठ्या माणसाला तेच ऐकायचं आहे हे त्याला कळतं. तोच प्रश्न परत विचारला तर आपलं आधीचं उत्तर चुकलं असं समजून ते बदलतं. मग चौकशीत कुणीतरी म्हणतं, ‘बघा, मुलगी दर वेळी वेगळं सांगते.’ मुलगी खरंच सांगत असते. विचारणाऱ्यांनी घोळ केलेला असतो.

ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा. ‘ताईने ढप्प केलं’ म्हणाली तर ‘ढप्प’ लिहा, ‘पाठीत मारलं’ लिहू नका. तुम्ही काय विचारलंत तेही लिहा. वार आणि तारीख तिला सांगता येणार नाही. ‘डबा खाण्याआधी की नंतर?’, ‘झोपायच्या वेळी की खेळायच्या?’ हे तिला सांगता येतं. आजी, काका, शेजारच्या मावशी यांच्यासमोर तिला परत परत बोलायला लावू नका आणि मोबाइलवर दहा व्हिडिओ काढू नका. ‘आधी का नाही सांगितलंस?’ तर मुळीच म्हणू नका. तिनं ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं तर खोटं वचन देऊ नका. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ म्हणा. सांगून झाल्यावर तिला जवळ घ्या, जेवायला वाढा, नेहमीसारखं झोपवा.

४. तक्रार आधी कुणाकडे आणि कशी लिहायची?

पोलिसांकडे जाण्याजोगं नसेल (ते कसं ठरवायचं यासाठी प्रश्न ८) तर पाळणाघराच्या चालकांकडे, लेखी, त्याच रात्री. तोंडी सांगितलेली तक्रार दुसऱ्या दिवशी ‘त्या जरा काळजीत होत्या’ एवढीच उरते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि सकाळी तोच मजकूर कागदावर देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: तुम्ही पाहिलं ते, तुम्हाला कुणी सांगितलं ते आणि तुम्हाला वाटतं ते. उदाहरणार्थ: ‘सोमवारी सकाळी ८.५० ला सोडलं तेव्हा दंडावर काही नव्हतं. संध्याकाळी ६.४० ला घेतलं. ७.३० ला कपडे बदलताना डाव्या दंडावर दोन लाल वळ दिसले, फोटो सोबत. ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या “घसरला असेल”. हे वळ बोटांचे असावेत असं आम्हाला वाटतं.’ फोटोत वळाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि एक फोटो असा काढा की मुलाचा चेहराही त्यात येईल. शेवटी ठळकपणे लिहा की त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. तेवढी एक ओळ राहून गेल्यानं पुढे फार अडतं.

५. मी पाळणाघर चालवते. तक्रार आली तर चौकशी नेमकी कशी करू?

पहिल्या दिवशी चार कामं उरका. पालकांना तक्रार मिळाल्याचं लेखी कळवा. संबंधित मावशींना मुलांपासून दूर करा (प्रश्न ६). फुटेजची प्रत काढा (प्रश्न ७). हजेरीपट, जेवणा-झोपेची वही आणि लागल्या-पडल्याची वही ताब्यात घेऊन फोटो काढून ठेवा. नंतर त्यात ओळी घातल्या जातात, हे मी दोनदा पाहिलं आहे. तक्रार लैंगिक स्वरूपाची असण्याची जराही शक्यता असेल तर स्वतः कुणाचीही चौकशी करायची नाही, तडक प्रश्न ८.

चौकशीला एकट्या बसू नका. पाळणाघर तुमचं, मावशी तुम्ही नेमलेल्या, फी तुमची. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी पालकांचा विश्वास बसणार नाही. नात्यातली नाही, मावशींच्या किंवा पालकांच्या सोसायटीतली नाही अशी एक बाहेरची व्यक्ती घ्या. बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, समाजसेविका, बालरोगतज्ज्ञ, कुणीही चालेल.

प्रत्येकाशी वेगळं बोला. ‘तुम्ही मारलंत का?’ यानं सुरुवात केली तर ‘नाही’ इतकंच मिळतं. ‘सोमवारी दुपारी जेवण झाल्यापासून सगळी मुलं उठेपर्यंत काय काय झालं ते क्रमानं सांगा’ म्हटलं की माणूस बोलू लागतो आणि कुठे अडखळतो तेही दिसतं. मावशींवर काय तक्रार आहे ते त्यांना आधी वाचून दाखवा. पुष्कळ मावशींना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. त्यांची बाजू लिहून झाली की तीही वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. तयार माफीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही घेणं ही चौकशी नाही, ती जबरदस्ती आहे.

खोलीचा साधा नकाशा काढा. कोण कुठे होतं, कुठून काय दिसतं, त्या वेळी मुलं किती आणि मोठी माणसं किती. हा शेवटचा आकडा चालकांना नको असतो, पण माझ्या मते तो सगळ्यांत आधी लिहायला हवा. घोडबंदर रोडवरच्या एका पाळणाघरात ओढणीनं मुलाला खुर्चीला बांधल्याची तक्रार होती. मावशींनी ते कबूल केलं. नकाशा काढल्यावर दिसलं की त्या दुपारी चौदा मुलं होती आणि मावशी एकच, कारण दुसरीला चालकांनी स्वतःच्या घरी स्वयंपाकाला पाठवलं होतं. बांधणं चूकच होतं, मावशींना त्याची जबाबदारी घ्यावी लागली. पण अहवालात पहिलं नाव चालकांचं आलं आणि ते यायलाच हवं होतं.

निष्कर्ष तीनपैकी एक लिहा: घडलं, घडलं नाही, किंवा ठरवता येत नाही. तिसरा लिहायला लाजू नका. सात दिवसांत पालकांना लेखी कळवायचं, हा मी पाळत आलेला नियम आहे. जास्त वेळ लागणार असेल तर सातव्या दिवशी तसं कळवा.

६. चौकशी होईपर्यंत मावशींना कामावर ठेवायचं का?

कामावर ठेवता येईल, मुलांजवळ नाही. स्वयंपाकघर, साफसफाई, हिशेब असं काम द्या किंवा पगारी रजा द्या. पगार कापू नका. अजून काही ठरलेलं नाही. आरोप मारहाणीचा किंवा त्याहून गंभीर असेल तर त्या काळात त्यांनी आवारातही येऊ नये, म्हणजे मुलांवर किंवा इतर मावशींवर दबाव येत नाही. मावशींना हे समजावून सांगायला वेळ काढा. अनेकींच्या घरी त्यांच्याच पगारावर चूल पेटते, आणि कुणी काही न सांगता ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की पुढच्या वेळी दुसरी मावशी खरं बोलायला धजत नाही.

७. सीसीटीव्ही फुटेज मागितलं तर ‘देता येत नाही’ म्हणतात. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. फुटेजमध्ये इतरांची मुलंही असतात, म्हणून प्रत हातात द्यायला चालक कचरू शकतात. पण तुम्हाला तिथे बसवून दाखवायला हरकत नसावी, आणि जपून ठेवायला तर नाहीच. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं) जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. किती दिवसांनी ते हार्ड डिस्कवर अवलंबून असतं. म्हणून पहिल्याच पत्रात तारीख आणि वेळ देऊन ते जपून ठेवायची मागणी करा. पोलिस तपास सुरू झाला तर ते डीव्हीआरच ताब्यात घेऊ शकतात.

चालकांनो, पाच मिनिटांची क्लिप कापू नका, संपूर्ण दिवस कॉपी करा. डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलवरची वेळ यांत किती फरक आहे ते लिहून ठेवा. एका ठिकाणी घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं आणि तेवढ्यानं एका निर्दोष ताईंवर संशय आला होता. न्यायालयात असं रेकॉर्डिंग द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून कॉपी कुणी, कधी, कशावर काढली याची नोंद हवीच.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण फुटेजमुळेच सगळ्यांसमोर आली. तेव्हापासून पालक ‘कॅमेरे आहेत ना?’ हे विचारूनच प्रवेश घेतात. चांगलंच आहे, पण बाथरूममध्ये आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नसतो, नसलाच पाहिजे. फुटेजमध्ये काही दिसलं नाही म्हणून तिथली तक्रार खोटी ठरत नाही.

८. कोणत्या तक्रारीत पाळणाघराशी न बोलता थेट पोलिसांकडे जायचं?

मुलाला जखम झाली असेल, भाजलं असेल, हाड मोडलं असेल, काही पाजल्याचा संशय असेल (प्रश्न १५) किंवा लैंगिक स्वरूपाचं काही घडल्याची शंका असेल तेव्हा. तातडीला ११२, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास, फुकट.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराला पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं किंवा तशी शंका आली त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे: पालक, मावशी, डॉक्टर, चालक, कुणीही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दलची अशी गोष्ट दडवली तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी पूर्ण होऊ दे’ हे चालकांचं वाक्य इथे चालत नाही. चौकशीच्या नावाखाली मुलाला प्रश्न विचारणं आणि संशयिताला सावध करणं, दोन्हींनी पुढचा तपास बिघडतो.

अशा वेळी मुलाला आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको.

९. पोलिस ठाण्यात चिमुरड्या मुलीला बसवून ठेवतील, याच भीतीनं जात नाही.

भीती मला समजते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणात पालकांना तक्रार नोंदवून घ्यायला तासन्‌तास थांबावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. म्हणूनच आपल्याला काय मागता येतं ते पाठ असू द्या. पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकारी, गणवेश न घालता. आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस शेजारी बसतं. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करतात. तातडीच्या उपचाराला कोणतंही रुग्णालय ‘आधी एफआयआर आणा’ म्हणू शकत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणासाठीची जिल्ह्यातली समिती) कळवायचं असतं, आणि समिती तुमच्या सोबतीला मदतनीस व्यक्ती नेमू शकते. ती मागून घ्या. खटला लांबतो तेव्हा तिचा फार आधार होतो.

हद्दीवरून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कोणतीही असली तरी कुठल्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येणारी एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती आहे, आणि एफआयआरची प्रतही फुकट मिळते.

१०. मुलाला थोबाडीत मारली होती. पोलिसांनी एफआयआर न घेता एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. हे कसं?

इथे कायदाच अडचणीचा आहे. मुलांची काळजी घेण्यासाठी असलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ मध्ये पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीनं या कायद्यातले तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. साधी दुखापतही अदखलपात्रच आहे. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. इतकी मोठी शिक्षा असलेला गुन्हा असा ठेवणं मला आजही पटत नाही.

तरी एनसीवर थांबू नका. एनसीचा नंबर घ्या, डॉक्टरांचा दाखला जोडा आणि वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा. त्याच प्रकारात एक जरी दखलपात्र कलम लागत असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून घडलेलं सगळं सांगा. कोंडून ठेवलं होतं, काही पाजलं होतं, गंभीर इजा झाली होती, यातलं काहीही गाळू नका.

११. आम्ही कामोठ्यात राहतो. ठाणे शहरातल्या बाल कल्याण समितीच्या कार्यालयात गेलो तर ‘तुमचा जिल्हा वेगळा’ म्हणाले.

त्यांचं बरोबर आहे. ‘नवी मुंबई’ म्हणून आपण जिला एक समजतो ती दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत. पोलिस मात्र दोन्हीकडे नवी मुंबई आयुक्तालयाचेच. म्हणजे कामोठ्याची एफआयआर नवी मुंबई पोलिसांकडे आणि बाल कल्याण समिती रायगडची. ठाणे, कळवा, डोंबिवली, बदलापूर ठाणे पोलिस आयुक्तालयात येतात. जिल्हा धरायचा तो पाळणाघराच्या पत्त्याचा. गोंधळ झालाच तर १०९८ वर पत्ता सांगा.

१२. पाळणाघराचं लायसन्स रद्द करायला कुणाकडे जाऊ?

भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं ते बहुधा गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामाला माणसं थोडीच असतील तर नुसती सूचना देऊन ती पावती मिळते. मुलं सांभाळण्याच्या दर्जाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे ती रद्द करून घेण्यात शक्ती घालवू नका. त्याऐवजी विचारा: इथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलिस व्हेरिफिकेशन झालं आहे का? पॉक्सो नियम, २०२० मध्ये शाळांच्या जोडीनं पाळणाघरांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ही पडताळणी एकदाच करून चालत नाही, ठरावीक काळानं परत करावी लागते. ड्रायव्हर आणि सफाईवालेही त्यात आले.

फीसह सेवेतल्या त्रुटीची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.

१३. दुसऱ्या मुलानं माझ्या मुलाला चावलं. यात मावशींची चूक धरायची का?

एक ते तीन वर्षांची मुलं चावतात. चावणारं मूल वाईट नसतं आणि त्याच्या आई-बाबांशी भांडायला जाऊ नका. मावशींना विचारायचं ते हे: तेव्हा तुम्ही कुठे होता, आम्हाला संध्याकाळपर्यंत का कळवलं नाही, आणि तेच मूल तिसऱ्यांदा चावतंय तर काय बदललं? लपवणं ही तक्रार होऊ शकते. चाव्याचा व्रण मोठ्या माणसाच्या दातांचा वाटला तर डॉक्टरांकडून मोजून घ्या.

१४. मीच पाळणाघरात काम करते. दुसऱ्या ताईंना मुलाला चापट्या मारताना पाहिलं. बोलले तर नोकरी जाईल.

ताई, तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल तुमचे आभार. पाळणाघराच्या आत काय चालतं ते पालकांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. तारीख, वेळ, मुलाचं नाव, काय पाहिलं हे आज घरी जाऊन वहीत लिहा. चालकांना लेखी द्या. द्यायची भीती वाटत असेल तर १०९८ वर फोन करा. पॉक्सोचा प्रकार असेल तर कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर कोणत्याही ग्रुपवर न टाकता फक्त पोलिसांना द्या. आणि व्हिडिओ काढत उभं राहण्याआधी मुलाला तिथून उचला.

१५. मुलगा संध्याकाळी गुंगीत असतो. औषध देऊन झोपवतात अशी शंका आहे.

त्याच संध्याकाळी रुग्णालयात न्या. झोपेच्या किंवा सर्दी-खोकल्याच्या औषधांचा अंश लघवीत आणि रक्तात थोडाच काळ सापडतो. ‘शंका आहे’ एवढं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते ताप आणि पोटच तपासतील. दुधाची बाटली आणि डबा न धुता सोबत घ्या. बाळ उठवूनही उठत नसेल, श्वास मंद वाटत असेल तर कारण शोधत बसू नका, लगेच निघा.

१६. सोसायटीच्या ग्रुपवर नावासकट टाकू का? इतर पालकांना कळायला हवं.

टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि ‘बी विंगमधल्या अमक्याच्या मुलीबाबत’ एवढ्यानंही ती उघड होते. मावशींचं नाव आणि फोटो टाकला आणि पुढे काही सिद्ध झालं नाही तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. याहून वाईट म्हणजे ग्रुपवर वाचून दहा घरांत मुलांना ‘तुलाही मारलं का?’ विचारलं जातं, आणि मग प्रश्न ३ मध्ये सांगितलेला घोळ दहा घरांत होतो. इतर पालकांना कळवायचं काम चालकांचं: ‘एक तक्रार आली आहे, चौकशी सुरू आहे, तुम्हाला काही सांगायचं असेल तर अमुक व्यक्तीशी बोला.’ त्यांनी कळवलं नाही तर दोन-तीन पालकांना प्रत्यक्ष भेटून बोला.

१७. चालक म्हणतात, ‘फी परत घ्या आणि विषय मिटवा’.

फी घ्या, ती तुमचीच आहे. ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. पॉक्सोचं प्रकरण असेल तर दोन्ही बाजूंनी मिटवूनही कळवण्याचं बंधन सुटत नाही.

१८. समोरच्या काकूच चार मुलं सांभाळतात. त्यांच्याबद्दल तक्रार कशी करायची?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. काकूंनी आपल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू आणून दिलेले असतात. चौकशी समिती नाही, वही नाही, कॅमेरा नाही. तरी प्रश्न १ ते ४ मधलं सगळं इथेही लागू आहे. मूल समोर नसताना, एकट्यांना भेटून, पाहिलेलं सांगा: ‘काकू, काल मी लवकर आले तेव्हा बाथरूमची कडी बाहेरून लावलेली होती आणि आर्यन आत होता.’ त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐका. वय झालंय, गुडघे दुखतात, चार मुलं आवरत नाहीत, असंही निघतं. मग मुलांची संख्या कमी करायला इतर तीन घरांशी बोलता येतं. घरी आल्यावर मात्र झालेलं बोलणं लिहून ठेवा. इजा किंवा प्रश्न ८ मधलं काही असेल तर काकूंनाही पाळणाघरासारखाच नियम.

१९. तक्रार खोटी निघाली तर आम्हालाच शिक्षा होते का?

चांगल्या हेतूनं केलेली तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी असणं नव्हे. पॉक्सोत शिक्षा आहे ती कुणाला छळण्यासाठी, बदनाम करण्यासाठी जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला. मुलाला तर नाहीच. फीच्या वादातून मारहाणीची तक्रार केलेली मी एकदा पाहिली आहे. त्या मावशी निर्दोष ठरल्या, पण नंतर तीन महिने त्यांना वर्तकनगरात कुणी काम दिलं नाही. अशा वेळी चालकांनी मावशींना लेखी पत्र द्यावं की तक्रार आली, चौकशी झाली आणि तथ्य आढळलं नाही. तोंडी ‘जाऊ दे’ म्हणून ते भरून येत नाही.

२०. निष्कर्ष ‘ठरवता येत नाही’ असा आला. मुलाला परत तिथेच पाठवू का? दुसरं पाळणाघर स्टेशनपासून लांब आहे.

चौकशीत काही ठरलं नाही म्हणून तुम्हाला मन मारायची गरज नाही. मूल दाराशी रडून आकांत करत असेल तर पाठवू नका, मग अहवाल काहीही म्हणो. पाठवायचं ठरवलंत तर आधी चालकांकडून काही गोष्टी लेखी घ्या: त्या मावशींकडे तुमचं मूल नसेल, दुपारच्या वेळी दोन मोठी माणसं असतील, लागल्या-पडल्याचा फोन त्याच वेळी येईल. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोनदा न सांगता लवकर जा. शक्य असेल तर एकदा दुपारी दोनच्या सुमाराला, सगळे झोपलेले असतात तेव्हा. त्या वेळी दार किती वेळात उघडतात तेही लिहून ठेवा.